हॉपरची ‘वाया गेलेली’ वर्षं

रात्री उघड्या असलेल्या कोपऱ्यावरच्या उपाहारगृहाचं ‘नाइटहॉक्स’ हे प्रसिद्ध चित्र; त्यासोबत एक मजकूर सारखा फिरतोय. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर याचं वयाच्या चाळिशीपर्यंत एकच चित्र विकलं गेलं. त्याला कुणी विचारत नव्हतं, खायचे वांधे होते. तरी तो एकटाच झगडत राहिला आणि एका रात्रीत त्याचं नशीब फळफळलं. तेव्हा हार मानू नका!

धीर देणारी गोष्ट कुणाला नको असते? पण या गोष्टीतून हॉपरला घडवणारी वर्षंच गाळली गेली आहेत, आणि ते मनाला लागतं.

यात खरं किती, ते आधी सांगायला हवं. १९१३ साली न्यूयॉर्कच्या ‘आर्मरी शो’ या कलाप्रदर्शनात त्याचं ‘सेलिंग’ हे तैलचित्र २५० डॉलरला विकलं गेलं आणि त्यानंतरची दहा वर्षं एकही पेंटिंग खपलं नाही. १९२० साली व्हिटनी स्टुडिओ क्लबमध्ये त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं, तिथूनही सगळी चित्रं परत आली.

चूक यापुढे आहे. मजकूर लिहिणाऱ्यानं फक्त पेंटिंग्ज मोजली, छापचित्रं मोजलीच नाहीत. १९१५ च्या सुमारास मार्टिन लुइस या मित्राच्या मदतीनं हॉपर एचिंगकडे, म्हणजे अ‍ॅसिडनं पत्रा कोरून छापचित्रं काढण्याकडे वळला आणि पुढच्या आठेक वर्षांत त्यानं सुमारे सत्तर छापचित्रं केली. मेणाचा थर दिलेल्या धातूच्या पत्र्यावर सुईनं रेघ ओढायची, अ‍ॅसिडनं ती खोल करून घ्यायची, तिच्यात शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा प्रेसमधून फिरवायचा. वॉशिंग्टन स्क्वेअरच्या स्टुडिओत त्यानं स्वतःचा प्रेस ठेवला होता. काळा रंग मिळेल तितका गडद हवा म्हणून शाई लंडनहून मागवायचा आणि कागद शोधून शोधून पांढराशुभ्र, इटलीचा घ्यायचा. जग विचारत नाही म्हणून हातपाय गाळलेला माणूस शाईसाठी एवढा जीव टाकत नाही.

ही छापचित्रं प्रदर्शनांत लागत होती, विकली जात होती. ‘ईस्ट साइड इंटीरियर’ या एचिंगला १९२३ साली शिकागोच्या एचर्स सोसायटीचं पारितोषिकही मिळालं. त्याला कुणी विचारत नव्हतं हे म्हणणं इथेच कोसळतं.

आणि चित्रं नीट पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. १९२१ चं ‘नाइट शॅडोज’ घ्या. उंचावरून दिसणारा रात्रीचा रस्ता, कोपऱ्यावरचं दुकान, एकटा चालणारा माणूस आणि त्याच्या वाटेत आडवी पडलेली खांबाची लांबच लांब सावली. १९४२ चं ‘नाइटहॉक्स’ यायला अजून एकवीस वर्षं होती, पण ती रात्र, तो कोपरा इथे आधीच आहे. १९२० च्या ‘अमेरिकन लँडस्केप’मध्ये गायी रूळ ओलांडताहेत आणि मागच्या घराचा तळ रुळांच्या आडव्या रेषेनं कापला गेलाय. १९२५ च्या ‘हाउस बाय द रेलरोड’मध्ये गायी गेल्या; घर आणि रूळ तेवढे राहिले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या कायमच्या संग्रहात दाखल झालेलं पहिलं पेंटिंग हेच, १९३० साली. एचिंग हाती घेतल्यावर आपल्या पेंटिंगला नेमका आकार आला, असं हॉपरच सांगायचा.

खायच्या वांध्यांबद्दल फार लिहायला नको. तो श्रीमंत नव्हता, पण मासिकांसाठी आणि जाहिरातींसाठी चित्रं काढून पोट भरत होता. १९१८ साली युद्धाच्या एका पोस्टरला ३०० डॉलरचं बक्षीसही मिळालं. त्याला त्रास होता तो त्या कामाचा. त्याचा जीव इमारतींत, आणि संपादकांना हवी हातवारे करणारी माणसं!

राहिलं एका रात्रीत पालटलेलं नशीब. ते पालटलं त्यामागे जोसेफिन निविसन होती, आणि मजकुरात तिचं नावही नाही. जोसेफिन (सगळे तिला ‘जो’ म्हणत) स्वतः चित्रकार, हॉपरसारखीच रॉबर्ट हेन्री यांची विद्यार्थिनी. १९२३ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या गावी दोघं भेटले आणि तिच्या आग्रहानं तो जलरंगांकडे वळला. ब्रुकलिन म्युझियमनं प्रदर्शनासाठी बोलावलं होतं तिला. हॉपरचीही चित्रं घ्या, असं तिनं सुचवलं. त्यातलं ‘द मॅन्सार्ड रूफ’ म्युझियमनं १०० डॉलरला विकत घेतलं. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, तिच्या चित्रांकडे मात्र जवळजवळ दुर्लक्षच झालं. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं, फ्रँक रेन यांच्या गॅलरीत त्याच्या जलरंगांचं प्रदर्शन लागलं आणि सगळी चित्रं विकली गेली. तेव्हा कुठे त्याला जाहिरातींचं काम सोडता आलं.

त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं त्याच्या चित्रांतल्या बायकांसाठी जोच मॉडेल म्हणून उभी राहिली. कुठलं चित्र कुणाला, कितीला गेलं, याची नोंद वह्यांतून तीच ठेवत होती. तिला वगळून ‘एकटाच झगडत राहिला’ असं लिहिणं हा तिच्यावर सरळसरळ अन्याय आहे.