‘व्हाइट लायटनिंग’ म्हणजे नुसत्या उडणाऱ्या गाड्या नाहीत

हॉलिवूडचा हिरो बर्ट रेनॉल्ड्सचा विषय निघाला की हे हमखास ऐकायला मिळतं, आणि लोक तेच पुढे पाठवत बसतात: "अमेरिकेतली दारूबंदी १९३३ लाच उठली, चोरटी दारू तिथेच संपली, मग १९७३ चा व्हाइट लायटनिंग म्हणजे सगळी बनवाबनवी. शेरीफला उगाच व्हिलन केलंय, गाड्या तर काहीही पळतात, भावाचा बदला नावापुरता, खरं तर ही स्मोकी अँड द बँडिटची रंगीत तालीम." मी हा पिक्चर बऱ्याचदा पाहिलाय, मला तो मनापासून आवडतो, आणि यातला एकही मुद्दा टिकत नाही म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. आर्कान्सा राज्यातली बोगन नावाची काल्पनिक काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). सुरुवातीलाच दलदलीच्या पाण्यात होडीत दोन पोरं, बांधलेली, आणि तिथला शेरीफ कॉनर्स (नेड बीटी) त्यांना शांतपणे बुडवतो. त्यातला एक डॉनी, आणि डॉनीचा मोठा भाऊ गेटर (रेनॉल्ड्स) तेव्हा चोरटी दारू वाहिल्याबद्दल जेलमध्ये. बातमी कळल्यावर तो सरकारशी सौदा करतो, मी बाहेर जाऊन दारूवाल्यांत घुसतो, शेरीफ कुठून किती पैसे खातो त्याचे पुरावे तुम्हाला देतो. म्हणजे तो खबऱ्या होतो.

आता १९३३ चं. ५ डिसेंबर १९३३ ला देशपातळीवरची बंदी उठली हे बरोबर, पण मूनशाइन (ही चोरटी, घरगुती भट्टीची दारू) बंदीमुळे जन्मलंच नव्हतं, ते टॅक्समुळे जन्मलं आणि टॅक्समुळेच जगलं. १७९० च्या दशकात व्हिस्कीवर टॅक्स लावला म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी बंड केलं होतं, इतकं जुनं भांडण आहे हे. बंदी उठल्यावर १९३४ ला एका प्रूफ गॅलनमागे (म्हणजे निम्मं अल्कोहोल असलेला एक गॅलन) केंद्राचा टॅक्स २ डॉलर होता, तो वाढत वाढत १९५१ ला साडेदहा डॉलर झाला आणि १९८५ पर्यंत तसाच राहिला. ज्या डोंगराळ गावात रोख पैसा दिसायची मारामार, तिथे मका, साखर आणि एक तांब्याचं भांडं एवढ्यावर धंदा होत असेल तर तो कोण सोडेल. वर आणि केंद्राची बंदी उठली तरी राज्यांनी आणि काउंट्यांनी आपापली ठेवली. मिसिसिपी तर १९६६ पर्यंत अख्खं ड्राय होतं, आणि गंमत नाही सांगत, तेच राज्य १९४४ पासून बेकायदा दारूवर दहा टक्के टॅक्स वसूल करत होतं. आर्कान्सात आजही ड्राय काउंट्या आहेत. वर्धा किंवा गडचिरोलीत राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९७३ ला धंदा उतरणीला लागला होता हे मी मान्य करतो, आणि पुढच्याच वर्षी साखर भडकली तेव्हा बऱ्याच भट्ट्या कायमच्या विझल्या, पण संपला होता हे साफ खोटं.

शेरीफचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण पिक्चरचा जीवच तो आहे. आपल्याकडे एसपी बदलून येतो, बदलून जातो. तिथे काउंटीचा शेरीफ लोकांनी निवडून दिलेला असतो, त्याची बदली करणारं वर कोणी बसलेलं नसतं, डेप्युटी त्याचे, जेल त्याची, आणि भट्टी चालू ठेवायची की फोडायची हेही त्याच्याच हातात. हप्ता पडला तर भट्टी नाही दिसत, नाही पडला तर लगेच दिसते. हे कुठल्या पटकथा लेखकाच्या डोक्यातून नाही आलेलं. व्हर्जिनियातल्या फ्रँकलिन काउंटीत हेच राजरोस चालायचं, १९३५ ला त्यावर केंद्राचा मोठा खटला झाला, आरोपींत अधिकारी होते, खुद्द काउंटीचा सरकारी वकील कार्टर ली होता. ली सुटला, बाकी बऱ्याच जणांना शिक्षा झाल्या. आणि जेफ रिचर्ड्स नावाचा डेप्युटी, ज्याच्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं, तो खटला उभा राहायच्या आधीच गोळ्या घालून मारला गेला.

आणि पोरांना मारण्याचं म्हणाल तर पिक्चरच्या आधी नऊ वर्षं, १९६४ च्या मे महिन्यात मिसिसिपीत हेन्री डी आणि चार्ल्स मूर या १९ वर्षांच्या दोन काळ्या मुलांना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी टोळीने उचललं, मारलं, अंगाला जड लोखंड बांधून नदीच्या पाण्यात सोडलं. त्यांची प्रेतं सापडली तीही दुसऱ्यांना शोधताना. ते दुसरे म्हणजे चेनी, गुडमन आणि श्वर्नर, मतदार नोंदणीच्या कामातले तिघं, नेशोबा काउंटीत मारले गेलेले, आणि त्या कटात डेप्युटी शेरीफ सेसिल प्राइस स्वतः सामील. राज्याने तेव्हा खुनाचा खटला भरलाच नाही! मग केंद्राने नागरी हक्कांच्या भंगाचा कट असं कलम लावून १९६७ ला प्राइसला सहा वर्षांची शिक्षा मिळवली. डी आणि मूरच्या प्रकरणात तर जेम्स फोर्ड सीलला जन्मठेप व्हायला २००७ उजाडलं. पिक्चर या घटनांवर बेतलाय असं मी म्हणत नाहीये. मी म्हणतोय की १९७३ ला दक्षिणेतल्या थेटरात बसलेल्या माणसाला ती होडी बघून नवल वाटलं नसणार. आणि खुनासाठी हात लावता येत नाही म्हणून शेरीफला पैशाच्या बाजूने पकडायचं ही गेटरच्या सौद्यातली युक्ती पण तशीच, कायदाच खुनी असेल तर वरच्या सरकारला दुसऱ्याच दारातून आत शिरावं लागतं. फक्त डॉनी गोरा आहे, आणि त्या काळात असे मारले जाणारे बहुतेक काळे होते, हे मला आजही खटकतं. पिक्चरने तिथे धीर करायला हवा होता.

गाड्यांचं पटकन सांगतो. गेटरला मिळते ती चॉकलेटी फोर्ड कस्टम ५००, चार दरवाज्यांची, अगदी कोणाच्या काकाची वाटावी अशी. तेच तर बरोबर आहे. माल वाहणाऱ्याला चारचौघांत न दिसणारी गाडी लागते, इंजिन मात्र तगडं, आणि मागच्या स्प्रिंगा कडक केलेल्या, म्हणजे डिकीत दारू भरली तरी गाडी मागून बसत नाही, बसली की पोलिसांना लांबूनच कळतं. ज्युनियर जॉन्सन हा रेसिंगमधला दादा माणूस याच धंद्यात गाडी शिकला, आणि १९५६ ला पकडला गेला तोही गाडीत नाही तर वडिलांच्या भट्टीवर, अकरा महिने आत होता, १९८६ ला राष्ट्राध्यक्ष रेगनने माफी दिली. लॉइड सी नावाचा जॉर्जियाचा, चोरटी दारूच वाहणारा पोरगा १९४१ ला अटलांटात मोठी रेस जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी साखरेच्या हिशोबावरून चुलतभावाने त्याला गोळी घातली. तेव्हा या धंद्यात सूड नि खून बळंच घुसवलेत असं म्हणणाऱ्यांनी हे जरा वाचावं. नदीतल्या बार्जवर गाडी उडवली ती स्टंटमन हॅल नीडहमने, खरी गाडी, खरं पाणी, आणि ती जेमतेम टेकलीय, पडद्यावर दिसतं.

नीडहमवरूनच लोकांचा गोंधळ होतो, कारण १९७७ चा बँडिट त्याने दिग्दर्शित केला. पण त्यात मूनशाइन नाहीच, कंपनीची कूअर्स बिअर टेक्सारकानाहून अटलांटाला न्यायची पैज आहे, कोणी मरत नाही, हसतखेळत सगळं. व्हाइट लायटनिंग जोसेफ सार्जंटचा, त्याचा पुढचा भाग १९७६ चा गेटर, तो रेनॉल्ड्सने स्वतः केला. मिशी आणि हसू बाजूला ठेवा (इथे मिशी नाहीये, तेही बघा) तर दोन पिक्चरांत काही सारखं नाही.

एका बाबतीत टीका करणाऱ्यांचं ऐकेन. पिक्चरमध्ये दारू पिऊन कोणी आंधळं होत नाही, मरत नाही. खऱ्यात १९५१ ला अटलांटात मेथॅनॉल मिसळलेल्या दारूने तीसहून जास्त माणसं गेली, आणि जुन्या गाड्यांचे रेडिएटर भट्टीला जोडायचे त्यातून शिसं पोटात जायचं. मालवणीचं २०१५ आपण पाहिलंय, शंभरावर माणसं गेली, त्यामुळे ही बाजू गाळलेली मला जाणवते.

राहिला बदला. नावापुरता म्हणे! गेटर ज्यांच्यात वाढला, ज्यांच्यासोबत माल वाहिला, त्याच लोकांची नावं त्याला सरकारला द्यायची आहेत, रॉय बून त्याला धंद्यात घेतो, जवळ करतो, आणि हा त्याच्याच विरुद्ध कामाला लागलेला. ड्यूड वॉटसन हा मेकॅनिक, त्याची इच्छा नसताना सरकार त्याला यात ओढतं आणि गेटर त्याच्या दारात जाऊन उभा राहतो, तेव्हा ड्यूडच्या चेहऱ्यावरची भीती बघा. एका भावासाठी किती जणांना विकायचं हे त्या माणसाला प्रत्येक सीनला ठरवावं लागतं, आणि शेवटी कॉनर्स जातो तोही पाण्यातच, डॉनी गेला तसाच.