जोखीम घ्या, पण भाव चढल्यावरच

जोखीम पेलण्याची तयारी तपासणारी प्रश्नावली शेअर बाजार वर्षभर चढल्यावरच भरायला घ्या. ‘गुंतवणूक 20 टक्के घसरली तर काय कराल?’ यापुढे बेधडक ‘आणखी खरेदी करेन’वर खूण करा. त्या घडीला काहीच पडलेलं नसतं, त्यामुळे हात थरथरत नाही.

मग गुंतवणुकीचं ॲप घ्या आणि दर तासाला उघडा. दीर्घकाळात चढणाऱ्या बाजारातही जवळपास निम्मे दिवस लाल, म्हणजे घसरणीचेच असतात. त्यात मानसशास्त्रज्ञ ट्वेर्स्की आणि कानेमन यांच्या 1992च्या अंदाजानुसार तोटा तेवढ्याच नफ्याच्या सव्वादोन पट बोचतो. म्हणजे बाजार जागेवर राहिला तरी तुमचं मन रोज खड्ड्यात. वर्षातून एकदाच हिशेब बघणाऱ्यांना ही मजा मिळत नाही, बिचारे निवांत झोपतात.

बाजाराचा निर्देशांक 100वरून 70वर आला आणि तुमच्या 100चेही 70 झाले की सगळं विकून टाका आणि ‘चित्र स्पष्ट होईपर्यंत’ थांबा. निर्देशांक 95वर आला की चित्र आपसूक स्पष्ट होतं. तेव्हा पुन्हा घुसा. तो 100ला टेकेल तेव्हा तुमच्याकडे 74च्या आत-बाहेर असतील. दलाली आणि कर त्यातून वजा.

एकेका कंपनीचे सुटे शेअर्स असतील तर नफ्यातला 10 टक्क्यांवर फुंकून टाका आणि निम्म्यावर आलेला कवटाळून बसा. ‘मुद्दल निघालं की विकतो’ म्हणायचं. त्यासाठी तो 100 टक्के चढायला हवा, पण हिशेबात कशाला पडता? वित्ताचे अभ्यासक शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी 1985मध्येच या खोडीवर शोधनिबंध लिहिला; खोड अजून तशीच आहे.

एकदा पोळलात की सगळं मुदत ठेवीत. व्याज 6 टक्के, त्यावर 30 टक्के कर, हाती 4.2, महागाई 5. अशी 20 वर्षं काढलीत तर 100ची खरेदीशक्ती 85च्या आसपास उरते. पण पासबुकातला आकडा कधीच खाली येत नाही ना, मग तो तोटा कसला!

राहता राहिली वाटणी. पुढच्या वर्षी भरायची फी शेअर्समध्ये ठेवा, 25 वर्षांनी लागणारा निवृत्तीचा पैसा ठेवीत. आणि कोणी विचारलं, तर स्वतःला ‘समतोल गुंतवणूकदार’ म्हणवून घ्या.