दाजी, ‘कम्युनिटी’ म्हणजे जात नव्हे

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर दाजींनी एक मेसेज ढकलला. वर ‘पालकांनो सावधान’, खाली पाच मुद्दे. कम्युनिटी सायकॉलॉजी म्हणजे कोणत्या समाजाची मानसिकता कशी, याचा अभ्यास. ते समाजकार्यच, फक्त नाव नवं. त्यात दहा जणांना एकत्र बसवून समुपदेशन करतात. हे अमेरिकेचं खूळ आहे. आणि यात नोकरी नाही. शेवटी ‘किमान दहा पालकांना पाठवा’.

हाच मेसेज मला आधी तीन ठिकाणांहून आला होता, तेव्हा सोडून दिला. पण भाचीचा एम.ए.चा फॉर्म अर्धा भरून झालाय आणि दाजींनी खाली लिहिलं, ‘पोरीनं असलं जातीपातीचं शिकायचं नाही.’ सांगलीत एकवीस वर्षं मानसशास्त्र शिकवतोय. आता गप्प बसलो तर आक्का मलाच बोलेल.

पहिला मुद्दा सगळ्यात घाण, म्हणून त्यावरच जास्त बोलतो. शब्दाचा घोळ होतो हे कबूल. आपल्याकडं स्थळ आलं की ‘कम्युनिटी कुठली?’ विचारतात, आणि ‘समाजाचा मेळावा’ म्हटलं की कोणाचा ते सांगावं लागत नाही. पण मेसेज लिहिणारा घोळावर थांबला नाही. अमुक समाज मुळात कष्टाळू, तमुक मुळात व्यसनी, अशी यादीच दिलीय त्यानं. हा विषय नेमका या ‘मुळात’च्या विरोधात उभा राहिला. इथं कम्युनिटी म्हणजे एकाच परिस्थितीत दिवस काढणारी माणसं. गल्ली, शाळा, ऊसतोड मजुरांच्या कोप्या, काहीही.

१९६५ साली अमेरिकेत मॉयनिहन यांचा सरकारी अहवाल आला. कृष्णवर्णीयांच्या गरिबीचं खापर बरंचसं त्यांच्या कुटुंबांच्या घडणीवर फुटेल, असा त्याचा सूर होता. विल्यम रायन या मानसशास्त्रज्ञानं १९७१ साली ‘ब्लेमिंग द व्हिक्टिम’ या पुस्तकात त्या अहवालाची सालटी काढली. त्यातलं एक उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगतो. गरीब वस्त्यांतल्या जुन्या घरांच्या भिंतींना शिसं असलेला रंग. त्याचे पोपडे पडायचे, लहान मुलं ते तोंडात घालायची, विषबाधा व्हायची. उपदेश कोणाला? आयांना : पोरांकडं लक्ष द्या. रायनचं म्हणणं, घरमालकाला भिंत दुरुस्त करायला लावा की.

लांबचं वाटत असेल तर २०१९चा ऑगस्ट आठवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७च्या वर. पूर ओसरल्यावर जो तो म्हणत होता, ‘लोक ऐकतच नाहीत, वेळेत बाहेर पडत नाहीत, हटवादी आहेत.’ नदीकाठच्या गावातल्या एका म्हातारीला मी विचारलं, आजी, का थांबलात? गोठ्याकडं बोट दाखवून म्हणाली, ‘माझी सोय शाळेत. हिची कुठं?’ दोन म्हशी आणि एक रेडकू. ज्या निवाऱ्यात दावणीला जागा नाही, तिथं ती जाणार नव्हती. यात हट्ट कुठला आणि मानसिकता कुठली?

सांगलीतल्या गावभागात माझी आई राहते. भिंतीवर स्विचबोर्डाच्या वर पाण्याची रेघ आहे, दोनदा रंग दिला तरी उमटते. जुलैत नदीची पातळी पस्तीस फुटांवर गेली की ती डबे माळ्यावर चढवायला लागते, रात्रभर जागी. डॉक्टरकडं नेलं तर तिच्या झोपेवर इलाज होईल, आणि तो व्हायलाच हवा. ते क्लिनिकल सायकॉलॉजीचं, म्हणजे एकेका माणसावर उपचार करण्याचं काम. कम्युनिटी सायकॉलॉजी हा दुसरा विषय विचारतो की त्या रात्री गल्लीत किती घरं जागी होती, पातळीची खबर कोणाकडून येते, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कोण उचलणार. मागं गल्लीतल्या पोरांनी किराणा दुकानात एक कागद चिकटवला होता. कोण एकटं राहतं, कोणाची किल्ली कोणाकडं. आई त्यानं गाढ झोपली असं नाही. पण पातळी विचारायला मला रात्री पाच फोन करायची, ते दोनावर आले.

बाकीचं झटपट. समाजकार्याची सरमिसळ आहे, हे नाखुशीनं मान्य करतो. वस्तीत दोघंही भेटतील, आणि कधीकधी काम कोणाचं ते त्यांनाही सांगता येणार नाही. फरक एवढाच की कम्युनिटी सायकॉलॉजीवाला काय केल्यानं काय बदललं हे मोजत बसतो, आणि त्यातून सिद्धान्त तपासतो. नावावरून तेच वाटलं तरी सामाजिक मानसशास्त्रही वेगळं. माणसं एकमेकांच्या वागण्यावर कसा परिणाम करतात ते ते शोधतं, परिस्थिती बदलायला उतरेलच असं नाही.

दहा जणांचं समुपदेशन ही उपचाराची पद्धत झाली. माणसं दहा बसवली म्हणून विषय बदलत नाही.

अमेरिकेचं? हो. मे १९६५ मध्ये बॉस्टनजवळ स्वॅम्पस्कॉटला ३९ मानसशास्त्रज्ञ जमले, तिथं या नावानं सुरुवात झाली. तासगावच्या बागेतली थॉमसनही कॅलिफोर्नियाचंच नाव लावते, तेव्हा कोणी सावधान म्हणत नाही. शेजारच्या कर्नाटकात बळ्ळारीत १९८०च्या दशकात मानसिक उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेऊन पाहिले, त्यावरून १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. ते मात्र उपचार लोकांच्या दारी नेणं झालं. आजार होऊच नये म्हणून दार, गल्ली, गोठा बघणं हे आपलं.

नोकरीचं खरं आहे, अर्धं. ‘कम्युनिटी सायकॉलॉजिस्ट पाहिजे’ अशी जाहिरात मी सांगलीत पाहिलेली नाही. काम संस्थांत, आरोग्याच्या किंवा आपत्तीच्या प्रकल्पांत, वेगळ्याच पदनावानं मिळतं, आणि पगार आयटीसारखा नसतो. पुढं क्लिनिकलला जायचं तर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, ती वाट निराळी. हे सगळं भाचीला फॉर्म भरायच्या आधीच सांगितलंय.

फॉर्म शुक्रवारी बंद होतोय, दाजी. तुमच्या उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स तेवढी राहिलीय.