डेटाबेसमध्ये फाइल 'कधीच' ठेवू नका? कुणी सांगितलं?

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती एका कॉलेजच्या ऑनलाइन प्रवेशाची साइट सांभाळते. "मामा, सगळे दाखले डेटाबेसमधून काढून फोल्डरमध्ये टाकले, आता साइट पळेल." हे कुणी सुचवलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'डेटाबेसमध्ये फाइल कधीच ठेवू नका : पाच कारणं' या मेसेजने. माझ्याकडेही तो तीन ग्रुपांवरून आला होता आणि मी सोडून दिला होता. सोडायला नको होता.

तिसऱ्या कारणापासूनच सुरू करतो, कारण नुकसान तिथे झालं. 'फोल्डर सोपा. फाइल टाका, टेबलात पाथ ठेवा, काम संपलं.' टेबल म्हणजे डेटाबेसमधला तक्ता, पाथ म्हणजे फाइल कुठे आहे तो पत्ता. भाचीने अक्षरशः तेच केलं. 'अपलोड्स' फोल्डर साइटच्या पब्लिक भागात, फाइलचं नाव म्हणजे चढता क्रमांक. फोन चालू ठेवून, लॉगिन न करता, मी १०४३.पीडीएफ उघडली. एका मुलीचा जातीचा दाखला. १०४४ वर कुणाच्या तरी वडिलांचा उत्पन्नाचा दाखला. १०४५ वर आधार कार्ड. पलीकडे भाची गप्प झाली.

असं का होतं? पब्लिक फोल्डरमधली फाइल वेब सर्व्हर थेट देऊन टाकतो, तुमचा लॉगिन तपासणारा कोड मध्ये येतच नाही. फाइल डेटाबेसमध्ये होती तेव्हा ती भाचीच्या कोडमधूनच बाहेर जायची, आणि तो कोड आधी बघायचा की फाइल मागणाऱ्याचाच हा अर्ज आहे का. फोल्डर वापरायचाच असेल तर तो पब्लिक भागाच्या बाहेर ठेवा, नावं रँडम द्या आणि फाइल कोडमधूनच पाठवा. मेसेजमध्ये यातली एक ओळ नाही! शिवाय अशा फोल्डरात कुणी पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम, चढवली आणि सर्व्हरने ती चालवली, तर गोष्ट दाखल्यांपुरती राहत नाही.

आता पहिलं कारण, 'साइट हमखास स्लो होते'. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या एका अहवालासाठी रसेल सीअर्स, कॅथरीन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी नेमकं हेच मोजलं. ग्रे म्हणजे डेटाबेस आणि ट्रान्झॅक्शनवरच्या (अनेक नोंदी एकत्र करायच्या, सगळ्या होतील नाहीतर एकही नाही) कामासाठी १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वांत मानाचा, मिळालेले. निष्कर्ष असा : २५६ केबीपेक्षा लहान फाइल डेटाबेसमध्ये बरी, १ एमबीपेक्षा मोठी फाइल सिस्टिममध्ये, मधल्यांचं वापरावर अवलंबून. आकडे तेव्हाच्या एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) आणि एनटीएफएसवरचे (विंडोजची फाइल सिस्टिम) आहेत, आज सरकतील. पण 'कधीच' हा शब्द तेव्हाच निकालात निघाला. भाचीकडचे बहुतेक दाखले २०० केबीच्या आतले. साइट रखडत होती ती 'सिलेक्ट स्टार'मुळे, म्हणजे टेबलातले सगळेच कॉलम मागितल्यामुळे : यादीत पन्नास नावं दाखवायला क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) पन्नास जणांचे दाखलेही उचलून आणत होती. फाइलींचं टेबल वेगळं करा, लागतील तेवढेच कॉलम मागा.

दुसरं, 'फाइल करप्ट होते'. होत नाही, कापली जाते, तीही चुकीचा कॉलम निवडला म्हणून. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या साध्या 'ब्लॉब'मध्ये, म्हणजे फाइल ठेवायच्या कॉलममध्ये, ६५,५३५ बाइट (साधारण ६४ केबी) मावतात. स्ट्रिक्ट मोड (न मावणारी नोंद नाकारणारं सेटिंग) बंद असेल तर पुढचा भाग छाटून नुसती वॉर्निंग मिळते आणि अर्धवट पीडीएफ उघडत नाही. 'मीडियमब्लॉब' घ्या, त्यात १६ एमबीपर्यंत मावतं. आणि बेस६४ करून, म्हणजे फाइलचं अक्षरांत रूपांतर करून, टेक्स्ट कॉलममध्ये कोंबू नका, फाइल एक तृतीयांशाने फुगते.

चौथं, 'मोठ्या कंपन्या असं करत नाहीत'. त्यांच्याएवढ्या फाइली तुमच्याकडे आहेत का?

पाचवं बॅकअपचं. ते खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. डेटाबेस फुगतो, डंप (डेटाबेसची बॅकअप फाइल) मोठा होतो, रिस्टोअरला वेळ लागतो. व्हिडिओ किंवा शेकडो पानांचे स्कॅन असतील तर मीही बाहेरच ठेवीन. पण फोल्डर आणि डेटाबेसचे बॅकअप वेगवेगळ्या वेळचे असले की टेबलात पाथ आहे आणि फाइल नाही, हेही मी निस्तरलं आहे. अर्ज आणि दाखला दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, एकाच डेटाबेसात गेले आणि बॅकअपही एकत्रच घेतला की हा घोळ होत नाही.

भाचीचा फोल्डर त्याच संध्याकाळी बंद केला. तो उघडा होता तेवढ्या दिवसांत कोणत्या मुलांचे दाखले कुणी पाहिले, हे ती अजून सर्व्हरच्या लॉगमधून शोधते आहे.