नुसतं री-कम्पाइल तर करायचंय!

"कोड तोच आहे ना? मग नुसतं री-कम्पाइल तर करायचंय!" असं म्हणणाऱ्याने स्वतः कधी री-कम्पाइल (म्हणजे तोच कोड दुसऱ्या प्रोसेसरसाठी पुन्हा प्रोग्राममध्ये बदलणं) केलेलं नसतं, हे मी लिहून देतो.

एके काळी डेस्कटॉप म्हटलं की एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांची जात), विषय संपला. मग २०२० मध्ये अ‍ॅपलने एआरएम या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी इंटेलला नारळ दिला. (त्यांना सवय आहे. २००६ मध्ये त्याआधीच्या पॉवरपीसी प्रोसेसरलाही असाच दिला होता.) विंडोजच्या लॅपटॉपांतही एआरएम शिरला आणि आमच्या नशिबी दोन-दोन बिल्ड (प्रत्येक जातीसाठी वेगळा तयार प्रोग्राम) आले.

पहिली कटकट नावांची. एकाच जातीच्या प्रोसेसरला लिनक्सचा कर्नल (गाभा) एक्स८६_६४ म्हणतो, लिनक्सचाच एक अवतार असलेलं डेबियन एएमडी६४ म्हणतं (आत इंटेल असला तरी!) आणि मायक्रोसॉफ्ट एक्स६४. मॅकवरचा एआरएम६४ लिनक्सवर एआर्क६४ होतो. माझी अर्धी बिल्ड स्क्रिप्ट ही बारशी निस्तरण्यात जाते. त्यात मॅकचा टर्मिनल रोझेटाखाली (एक्स८६चे प्रोग्राम एआरएमवर चालवणारा अ‍ॅपलचा दुभाषा) उघडला असेल, तर ‘युनेम’ (मशीनची जात सांगणारी कमांड) एआरएमच्या मशीनवर बसून बिनदिक्कत एक्स८६_६४ सांगतं.

एकदाचं बिल्ड झालं. प्रोग्राम मॅकच्या एआरएमवर चालला, लिनक्सच्या एआरएमवर लटकला. फाइल वाचायला घेतली की पंखा गरगरायचा आणि थांबायचं नाव नाही. कुणा पूर्वजाने फाइलमधून आलेलं अक्षर ‘इंट’ या मोठ्या डब्याऐवजी ‘कॅर’ या एका बाइटच्या डब्यात ठेवलं होतं. फाइल संपली की उणे एक मिळतो, तिथे थांबायचं, एवढा साधा मामला. पण लिनक्सवर एक्स८६चा ‘कॅर’ ऋण आकडे धरतो, एआरएमचा धरत नाही. तिथे उणे एकाचे २५५ होतात आणि लूप संपलेली फाइल वाचतच राहतो. अ‍ॅपलने एआरएमवरही ‘कॅर’ ऋण आकडे धरणारा ठेवलाय, म्हणून तिकडे सगळं आलबेल! पूर्वज केव्हाच नोकरी सोडून गेलेत.

निदान हा कोड आपला तरी होता. एका लायब्ररीची फक्त एक्स६४ची डीएलएल (विंडोजची आधीच कम्पाइल केलेली फाइल) आहे, सोर्स (मूळ कोड) कुणाकडेच नाही. आमचा एआरएमचा प्रोग्राम तिला दारात उभं करेना. शेवटी तेवढा भाग वेगळा काढून इम्युलेशनवर (एआरएमवरच एक्स६४ची नक्कल करून) चालवलाय. दोघांचं बोलणं आता पाइपमधून (दोन प्रोग्राममधली निरोपांची नळी) चालतं.

मॅकसाठी ‘लिपो’ या अ‍ॅपलच्या टूलने दोन्ही बिल्ड एकाच युनिव्हर्सल फाइलीत कोंबले. फाइल दुप्पट फुगली, पण निवडायची भानगड मिटली. विंडोजवर मात्र दोन इन्स्टॉलर ठेवले, शेजारी कुठला कुणासाठी तेही सविस्तर लिहिलं. पहिल्याच ग्राहकाची मेल आली: "माझा लॅपटॉप करड्या रंगाचा आहे. कुठला घेऊ?"