परत आलेलं सोनं

दसऱ्याला सोनं द्यायला गेलो आणि ते "हा आपटा नव्हे" म्हणून माझ्याच हातात परत आलं. अजून डोक्यातून जात नाही.

मुळात 2025 चा तो दसराच नाट लागलेला. दसरा आणि गांधी जयंती, दोन्ही 2 ऑक्टोबरला. एक सुट्टी तिथेच बुडाली. गुरुवार होता म्हणून शुक्रवारची रजा मागितली, तर साहेब म्हणाले, "दोन-दोन सुट्ट्या मिळतायत की!" या गणितापुढे काय बोलणार? आदल्या दिवशी मंडईत चिखल तुडवत पानांची जुडी घेतली. मावशींना विचारलं, "आपटाच ना?" "मग काय वडाची हायेत?"

आता तिसऱ्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त, झाडांशी संबंध गॅलरीतल्या तुळशीपुरता. मी वाकून नमस्कार केला, पान पुढे धरलं. काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, पान ट्यूबलाइटखाली नेलं, उलटं केलं, अंगठ्याने चोळलं. पाचशेची नोट तपासावी तसं.

"कांचन आहे हा."

"असू दे की काका, सणाचं..."

"आपट्याचं पान एवढंसं असतं. जाड, खरखरीत. विड्या वळतात त्याच्या. हे बघ केवढं मोठं! अगं, बाहेर ये, याला बाजारात फसवलंय!"

काकू आल्या. दार उघडं होतं म्हणून समोरचेही आले. मग भरल्या घरात कौत्साची कथा. वरतंतूंनी 14 विद्यांचे 14 कोटी मागितले, विश्वजित यज्ञात रघुराजाचा खजिना रिकामा झालेला, म्हणून कुबेराने मोहरा पाडल्या. "कशावर? आपट्यावर!" कौत्साने गुरुदक्षिणेपुरतंच घेतलं, उरलेलं राजालाही नको, शेवटी लोकांनी लुटलं. एवढी दिलदार गोष्ट सांगणारा माणूस माझं एक पान ठेवून घेईना. पेढे मात्र दोन घेतले. ते खव्याचे आहेत का, हे ट्यूबलाइटखाली नेऊन पाहिलं नाही.

चीड याची येते की काकांचं खरं होतं. बाजारात कांचन सर्रास आपटा म्हणून खपतो. आणि खरा आपटा मिळाला तरी काय, कुठल्या तरी टेकडीवरचं झाड ओरबाडूनच तो येणार. दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यात पानांचा खच होता. झाडणाऱ्या ताईंना त्यातलं एकही कुणी हातात दिलं नसावं.

"तुमचं सोनं तरी द्या," मी निघताना म्हणालो.

"आम्ही पानं तोडतच नाही. पर्यावरण! व्हॉट्सॲपवर पाठवतो."

रात्री आलं. चकाकणारं भलंमोठं पान. आपटा की कांचन, ओळखायला मार्ग नव्हता. अर्ध्या पानावर आमच्या प्रभागाचे भावी नगरसेवक हात जोडून उभे होते.