‘अकरा जण मिळून एक एकर घ्या’ : हा मेसेज वाचून इसार देऊ नका

“तुकडेबंदी उठली! आता गावाकडे एक-दोन गुंठे कुणालाही घेता येतात. अकरा जण मिळून एक एकर घ्या, सातबारावर सगळ्यांची नावं लागतात. एक जण शेतकरी असला तरी चालतं. फार्महाऊसला परवानगी नको. बोअर मारला की पाणी. नोटरी करा आणि त्याच दिवशी ताबा घ्या.” हा मेसेज फिरत फिरत आमच्या दाजींपर्यंत पोचला. पुढच्या वर्षी निवृत्ती, गावाकडे घर, दोन गायी, थोडा भाजीपाला असा त्यांचा बेत. त्यांनी इसाराचे पैसे काढूनही ठेवले. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. तुकडेबंदी म्हणजे शेतजमिनीचे ठरलेल्या मापापेक्षा लहान तुकडे पाडायला असलेली बंदी.

आधी सगळ्यात घातक मुद्दा, अकरा जणांचा. एवढं मान्य करावंच लागेल की अकरा शेतकऱ्यांनी एका दस्ताने अख्खा एकर विकत घेणं बेकायदा नाही. तुकडा पडत नाही, त्यामुळे दस्त नोंदला जातो आणि फेरफार (हक्क बदलल्याची महसुली नोंद) होऊन नावंही लागतात. मेसेज इथे थांबतो. नुकसान इथून पुढे सुरू होतं.

त्या सातबाऱ्यावर अकरा नावं एका खाते क्रमांकाखाली येतात आणि क्षेत्राच्या रकान्यात ‘सामाईक क्षेत्र’ असा शेरा दिसतो. तुमचे साडेतीन गुंठे कुठले, हे त्या कागदावर कुठेच नसतं. जागेवर दलालाने फक्की मारून रेषा आखलेल्या असतात, कोपऱ्यांवर दगड रोवलेले असतात आणि हातात ‘प्लॉट नंबर 7’ लिहिलेला साधा नकाशा दिलेला असतो. त्या नकाशाला भूमी अभिलेख कार्यालयात किंमत नाही. मोजणीचा अर्ज केला तर अख्ख्या गटाची हद्द मोजून मिळेल, ‘प्लॉट नंबर 7’ची नाही. पोटहिस्सा करून सातबारा वेगळा काढावा म्हटलं, तर 1947चा तुकडेबंदीचा कायदा समोर येतो. 2023 पासून प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तो तुकडा) जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे आहे. साडेतीन गुंठे कशातच बसत नाहीत. या कायद्याच्या कलम 8 प्रमाणे तुकडा पडेल अशी वाटणी किंवा हस्तांतरण करता येत नाही, आणि केलं तर कलम 9 प्रमाणे ते निरर्थक ठरतं.

मग पुढे काय होतं? एक सहहिस्सेदार वारला की त्याचे चार वारस लागतात. अकराचे चौदा होतात. एकाचं कर्ज थकलं की बोजा त्याच सातबाऱ्यावर चढतो. तुम्हाला विकायचं झालं तर ग्राहकाचा वकील पहिल्यांदा बाकीच्यांची संमती मागतो. शेजाऱ्याने रेषा ओलांडून गोठा बांधला तर ‘माझी जागा’ म्हणायला कागद नाही, कारण कायद्याने त्या एकराच्या प्रत्येक फुटावर अकराही जणांचा हक्क आहे. शिवाय रस्त्याला 4 गुंठे सोडले तर 36 गुंठे उरतात. त्याचे अकरा भाग केले की हाती सव्वातीन गुंठे, म्हणजे साडेतीन हजार चौरस फूट. त्यात घर, गोठा, चारा आणि भाजीपाला बसवून दाखवा.

“तुकडेबंदी उठली” हे अर्धंच खरं आहे. 2025 मध्ये सरकारने अध्यादेश काढून सवलत दिली. पण ती महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतींच्या हद्दीतल्या आणि आराखड्यात निवासी, व्यापारी, औद्योगिक अशा बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनींसाठी आहे. गावाबाहेरच्या शेती विभागातल्या गटाला ती लागू नाही. आपला गट कशात येतो हे दलालाला विचारायचं नाही. नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्यात कुठल्या वापरासाठी दाखवली आहे ते सांगणारा कागद, काढायचा.

“एक जण शेतकरी असला तरी चालतं”, हे साफ खोटं. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घ्यायला मनाई करणारं कुळवहिवाट कायद्याचं कलम 63 प्रत्येक खरेदीदाराला लागू होतं. दहा शेतकरी आणि एक बिगरशेतकरी असेल, तर त्या एकामुळे दस्त कलम 84क च्या चौकशीत सापडू शकतो. तिथे तहसीलदार व्यवहार अवैध ठरवू शकतात आणि जमीन सरकारजमा होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. तुमच्या किंवा वारसाने आलेल्या शेतीचा राज्यातल्या कुठल्याही गावचा सातबारा असेल तर तुम्ही शेतकरी आहात. नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढा, नाहीतर रीतसर बिगरशेती झालेला प्लॉट घ्या. कुणी ‘दाखला करून देतो’ म्हणालं तर तिथून उठा.

फार्महाऊसचं. शेतघरासाठी जमीन बिगरशेती करावी लागत नाही, हे बरोबर. पण बांधकामाची परवानगी लागते. राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या 2020च्या एकात्मिक नियमावलीत शेतघरासाठी किमान 0.4 हेक्टर क्षेत्र धरलं आहे. एक एकर म्हणजे 0.4047 हेक्टर. त्या एकरावर एक शेतघर बसतं. अकरा बसत नाहीत.

नोटरीबद्दल एकच सांगतो. नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढं सांगते. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराचं खरेदीखत नोंदवावंच लागतं. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी), साठेखत (पुढे विकण्याचा करार), मृत्युपत्र असल्या कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केलं आहे.

सातबारावर नाव लागलं म्हणजे मालकी पक्की, हाही समज सोडा. महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ती नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. म्हणून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदणीकृत दस्तांचा शोध) काढायचा, जुने फेरफार एकेक करून वाचायचे आणि ‘इतर हक्क’ हा रकाना नीट बघायचा. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, 32म (कुळाने जमीन विकत घेतल्याच्या प्रमाणपत्राचं कलम), खासगी वन, पुनर्वसनासाठी राखीव असं काहीही तिथे बसलेलं असतं. भोगवटादार वर्ग 2 (विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर परवानगी आणि नजराण्याशिवाय (सरकारला भरायच्या रकमेशिवाय) व्यवहार पुढे नेऊ नका. विकणारा आदिवासी असेल आणि तुम्ही नसाल, तर महसूल संहितेची कलम 36 आणि 36अ आड येतात.

आता पाणी. ‘बोअर मारला की पाणी’ यावर लोकांनी आयुष्यभराची पुंजी लावली आहे. राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा. या खडकात पाणी भेगांत, सच्छिद्र थरात आणि झिजलेल्या मुरमात असतं. ते शंभर फुटांवर लागेल, नाहीतर पाचशे फुटांवरही नुसती धूळ निघेल. बोअर मारताना गाडीच्या कॉम्प्रेसरने उसळलेलं पाणी बघून ‘दोन इंच लागलं’ म्हणतात. भेगेत साठलेलं पाणी त्या दाबाने बाहेर येतं. टिकणारं पाणी किती, हे त्यावरून कळत नाही.

खरी चाचणी साधी आहे. बोअरमध्ये तात्पुरती मोटर सोडा. 200 लिटरचं पिंप भरायला सुरुवातीला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. मोटर सलग चार तास चालवा आणि पिंप पुन्हा भरा. सुरुवातीला दोन मिनिटं आणि शेवटी सहा मिनिटं लागली, तर तुमचं पाणी तासाला 2,000 लिटर, 6,000 नाही. हे एप्रिल-मेमध्ये करायचं. सप्टेंबरात सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. जमिनीवर बोअर नसेल तर आजूबाजूच्या चार विहिरींचा मे महिन्यातला तळ बघा. गरजेचा हिशेबही करा. एका गुंठ्यावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 101 लिटर. उन्हाळ्यात भाजीपाल्याला रोज 5 मिलिमीटर धरलं, तर 10 गुंठ्यांना रोज 5,000 लिटर लागतात. माणसं आणि गुरं वेगळी. आणि चौकोनी एकराची बाजू असते जेमतेम 209 फूट. तेवढ्यात अकरा बोअर पडले की सगळे एकाच भेगेतून ओढणार. अधिसूचित क्षेत्रात तर 2009च्या भूजल कायद्याने 60 मीटरपेक्षा खोल विहिरीवरच बंदी आहे.

‘आजच इसार द्या, दर वाढणार’ ही मेसेजची शेवटची ओळ. द्यायचाच असेल तर नोंदणीकृत साठेखत करून द्या आणि त्यात तीन अटी लिहून घ्या. मोजणीच्या ‘क’ प्रतीत (भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशात) क्षेत्र कमी निघालं, गावनकाशात किंवा ‘इतर हक्क’ रकान्यात रस्ता सापडला नाही, अथवा सर्च रिपोर्टमध्ये बोजा किंवा दावा निघाला, तर इसाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. विकणारा या अटींवर सही करायला तयार नसेल तर पैसे खिशातच राहू द्या.